टांचणवही

स्मरणशक्तीची स्तुति आपल्या देशांत जितकी झाली आहे तितकी टांचणवहीची कधींच झाली नाहीं. पाठांतराला आपण विद्येचें मूळ मानलें, दशग्रंथी पंडितापुढें हात जोडले, आणि पुस्तकांत राहिलेली विद्या व परक्याच्या हातांत गेलेलें धन हीं दोन्ही ऐन वेळीं कामास येत नाहींत, अशा अर्थाचें सुभाषित मुलांकडून घोकून घेतलें. त्यामुळें, जो लिहून ठेवतो तो स्मरणानें कांहींसा दुबळाच असला पाहिजे, अशी एक समजूत आपल्यांत नकळत रूढ झाली आहे. लग्नघरीं खिशांत वही बाळगून हिंडणाऱ्या गृहस्थाची सारे थट्टा करतात. मात्र देवक बसण्याच्या वेळीं सुपारी सांपडेनाशी झाली, म्हणजे सारें घर त्याच्याच नांवानें हांका मारूं लागतें!

हा ग्रह केवळ आपलाच आहे असें नाहीं. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादांत एक कथा आली आहे. थ्यूथ नांवाचा देव लेखनविद्या शोधून काढतो आणि मोठ्या अभिमानानें इजिप्तच्या थामस राजापुढें ठेवतो. ही विद्या म्हणजे स्मरणाचें औषध आहे, असें देवाचें म्हणणें. राजा उत्तर देतो कीं, हें औषध स्मरणाचें नसून विस्मरणाचें आहे; माणसें बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आंतून आठवण्याचें सोडून देतील. राजाचा आक्षेप खोल आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावांचून टांचणवहीचा कैवार घेतां येणार नाहीं. तूर्त इतकेंच म्हणतों कीं, प्लेटोनें तो आक्षेप लिहून ठेविला म्हणूनच तेवीसशें वर्षांनंतर आपल्याला त्याचा विचार करतां येतो.

मला ही संवय लागून चाळीसांवर वर्षें झालीं. माझ्या वह्यांना रोजनिशी म्हणतां येणार नाहीं. रोजनिशींत मनुष्य स्वतःविषयीं लिहितो, आणि स्वतःविषयीं लिहितांना लेखणी कांहींशी नटते. टांचणवहींत नटण्याला जागाच नसते. पहिला कोकीळ कोणत्या तारखेस ऐकूं आला. शेंगदाण्याचें तेल काय भावानें मिळालें. वर्गांत एखाद्या मुलानें विचारलेला, आणि मला त्या दिवशीं उत्तर न देतां आलेला प्रश्न. बाजारांत म्हातारीच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द, असल्या गोष्टी त्यांत असतात. समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. अक्षर वाटोळें कसें असावें, ओळी सारख्या कशा याव्यात, कागदाच्या कडा कशा राखाव्यात, याचा उपदेश त्यांत आहे. पण तो ग्रंथ उतरवून घेणाऱ्यासाठीं आहे. माझ्या टिपणांना तो लावला तर एकही पान कसोटीस उतरणार नाहीं. टिपण सुरेख असण्याची गरज नसते. तें वेळेवर केलेलें असावें लागतें.

हातानें लिहिण्याचा पहिला गुण म्हणजे हाताचा मंदपणा. बोलणारा मनुष्य एका मिनिटांत जितकें बोलतो त्याचा लहानसा अंशही लिहिणाऱ्याला उतरून घेतां येत नाहीं. म्हणून त्याला निवड करावी लागते. आणि निवड करावयाची तर ऐकलेलें समजून घ्यावें लागतें. हा मंदपणा वरवर उणीव दिसतो, परंतु विचाराला प्रवेश करण्याची फट तेवढीच असते. २०१४ सालीं अमेरिकेंत पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनीं विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लॅपटॉपवर टिपणें घेणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे अधिक उतरवीत, आणि अर्थाच्या खोलांत शिरणाऱ्या प्रश्नांना हातानें लिहिणाऱ्यांपेक्षां कमी समाधानकारक उत्तरें देत, असें त्यांत दिसलें. पुढें इतरांनीं तेच प्रयोग पुन्हां केले तेव्हां मात्र फरक इतका ठळक आढळला नाहीं. मला याचें नवल वाटलें नाहीं. तीस वर्षें मीं शाळेंत शास्त्र शिकविलें. मास्तर ‘नोट्स’ सांगत आहेत आणि चाळीस मुलें माना खालीं घालून हातानेंच उतरवून घेत आहेत, हें दृश्य मला परकें नाहीं. त्या चाळिसांपैकीं पुष्कळांचें मन त्या वेळीं क्रिकेटच्या मैदानावर असतें! हात चालला म्हणजे बुद्धि चाललीच, असें नव्हे. काय लिहावें आणि काय गाळावें हें ज्यानें स्वतः ठरविलें, त्याचेंच टिपण टिपण होय. बाकी सगळी नक्कल.

या निवडीनें एखाद्याचें आयुष्य कसें पालटतें याचें उदाहरण मायकेल फॅरडेचें. लंडनमध्यें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करणारा हा गरीब मुलगा १८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकावयास गेला. ऐकलेलें त्यानें टिपून घेतलें, घरीं येऊन विस्तारानें आणि आकृत्यांसह पुन्हां लिहिलें, आपल्याच हातानें बांधून त्याचा ग्रंथ केला आणि तो डेव्हींकडे पाठवून दिला. १८१३ च्या मार्चमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत त्याला मदतनिसाची जागा मिळाली. शिफारशीचें पत्र त्याच्यापाशीं नव्हतें, टिपणें होतीं. पुढें आयुष्यभर तो प्रयोगांची नोंद ठेवीत गेला, आणि एकेका परिच्छेदाला क्रमांक देत देत तो क्रमांक सोळा हजारांच्या पलीकडे गेला. उतारवयांत फॅरडेची स्मरणशक्ति फार क्षीण झाली होती. अशा माणसाला क्रमांक घातलेल्या त्या परिच्छेदांचा आधार केवढा असेल, हें सांगावयास नको.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो बुद्धीपेक्षां शीलाशीं संबंध ठेवणारा आहे. चार्ल्स डार्विननें आत्मचरित्रांत आपला एक नियम नमूद केला आहे. आपल्या सिद्धांताला विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट, निरीक्षण किंवा कल्पना समोर आली कीं तो ती तेव्हांच टिपून ठेवी. अनुकूल गोष्टींपेक्षां प्रतिकूल गोष्टी मनांतून लवकर निसटतात, असा त्याला अनुभव होता. या नियमांत मानवी मनाची केवढी ओळख आहे! आपलें स्मरण हें प्रामाणिक कारकुनासारखें नाहीं. तें खुशमस्कऱ्यासारखें आहे. धन्याला आवडेल तें तें पुढें करतें, न आवडेल तें मागल्या दारानें घालवून देतें. एखाद्या विद्यार्थ्याला आपण ‘ढ’ ठरविलें, तर त्याचीं चुकलेलीं उत्तरें आपल्याला आठवतात. त्यानें केव्हां तरी विचारलेला चांगला प्रश्न आठवत नाहीं. माझ्या वह्यांत असे प्रश्न तारखेनिशीं लिहिलेले आहेत, आणि वर्षाच्या शेवटीं गुणपत्रकावर शेरा लिहितांना त्यांनीं अनेकदां माझा हात धरला आहे.

तिसरा गुण डोळ्यांसंबंधीं आहे. अलिबागजवळच्या किहीम गांवीं १९३० सालीं सलीम अली सुगरण पक्ष्यांची एक वसाहत पाहत बसले. सुगरणीचीं लोंबतीं घरटीं कोणीं पाहिलेलीं नाहींत? त्यांतलीं कित्येक अर्धवट सोडलेलीं असतात, हेंही सर्वांना ठाऊक होतें. तीं तशीं कां असतात, हें मात्र नीटसें ठाऊक नव्हतें. सलीम अलींनीं महिनोन् महिने रोजच्या रोज कोणत्या घरट्यावर काय घडलें याची नोंद ठेविली, आणि त्या नोंदींतून उलगडा झाला. घरटें विणतो तो नर. अर्धें विणून झालें कीं माद्या येऊन तें पारखतात. एखादीनें पसंत केलें तर नर तें पुरें करतो, आणि मग शेजारीं दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसऱ्या मादीला आमंत्रण देतो. नापसंत घरटें अर्धेंच लोंबत राहतें. मराठी भाषेनें कौतुकानें ‘सुगरण’ हें स्त्रीलिंगी नांव ज्या कारागिरीला दिलें, ती सगळी नराची! एका दिवसाच्या पाहण्यानें हें कळलें नसतें. ज्याला संध्याकाळीं लिहावयाचें आहे तो दिवसां निराळ्या नजरेनें पाहतो. ‘तीच घरटीं, तेच पक्षी’ असें म्हणून त्याला सुटतां येत नाहीं.

आतां थामस राजाचा आक्षेप. लिहून ठेविल्यानें स्मरण खरोखर दुबळें होतें काय? लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेन्सिलीनें वह्यांत लिहिलें. १९१४ सालीं त्यांची सुटका झाली तेव्हां त्या वह्या कांहीं काळ सरकारच्या ताब्यांत राहिल्या. त्या परत न मिळाल्यास काय, अशी चिंता मित्रांना वाटूं लागली, तेव्हां वह्या त्यांच्यापाशीं असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यांत आहे, अशा आशयाचें उत्तर लोकमान्यांनीं दिलें, असें सांगतात. वह्या मिळाल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. हाताच्या श्रमानें जें कागदावर उतरतें तें मनांतही उतरलेलें असतें, याचा लोकमान्यांना भरंवसा होता. माझ्यासारख्या सामान्याचाही अनुभव निराळा नाहीं. बाजाराची यादी लिहून ती घरीं विसरून गेलें, तरी बहुतेक जिनसा आठवतात. राजाचा आक्षेप न वाचतां साठविलेल्या कागदांना लागू पडतो. समजून लिहिलेल्या आणि पुन्हां वाचलेल्या टिपणांना लागू पडत नाहीं.

हा सगळा युक्तिवाद मनाशीं जुळविण्याचें कारण असें कीं, आमचें जुनें घर पाडून त्या जागीं सदनिका बांधण्याचें नुकतेंच ठरलें. आवराआवर करतांना माझ्या एकेचाळीस वह्या माळ्यावरून खालीं आल्या. माझी पुतणी मदतीला होती. धूळ झटकतां झटकतां तिनें विचारलें, “काका, ह्या आतां वाचणार कोण? नव्या घरांत पुस्तकांनाच जागा नाहीं. मी सगळ्यांचे मोबाईलनें फोटो काढून ठेवूं का?” प्रश्नांत अनादर नव्हता, आणि तो रास्तही होता. माझ्या वह्या माझ्या उपयोगी पडल्या, हें खरें. पण माझ्यामागून त्यांचें मोल काय?

त्याच माळ्यावर पणजोबांचा एक रुमाल होता. ते सोलापूर जिल्ह्यांतल्या आमच्या गांवचे कुळकर्णी. सरकारी कागद त्यांच्या हातून बाहेर गेले ते गेले. घरीं राहिलें तें त्यांचें खासगी टांचण, तेंही मोडींत. त्यांत कोणाला पायली उसनी दिली, गाय केव्हां व्याली, जांवयाला काय आहेर केला, असल्या नोंदी फार. त्यांतच दर वर्षींच्या अक्षय्य तृतीयेला परड्यांतल्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, हेंही लिहिलेलें आहे. १९७२ सालीं पाऊस गेला आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत ती विहीर तळाला गेली, तेव्हां मी दहा-अकरा वर्षांचा होतों. विहीर आटली ती आटली, असें सगळ्यांनीं धरून चालविलें होतें. माझ्या वडिलांना शाळेंत मोडी शिकविलेली होती. एका रात्रीं त्यांनीं रुमाल सोडला आणि कंदिलाच्या उजेडांत १९०० सालच्या दुष्काळांतली नोंद शोधून काढली. शके १८२२, वैशाख शुद्ध तृतीया : पायऱ्या बावीस उघड्या, उगवतीचा झरा चालू. उगवतीच्या बाजूचें बांधकाम मागें केव्हां तरी ढांसळून त्या अंगाला दगडगाळ सांचला होता, आणि तेथें झरा आहे ही आठवण घरांत कोणालाच उरली नव्हती. वडिलांनीं तो गाळ उपसविला. चौथ्या दिवशीं पाणी दिसलें. गल्लींतल्या चौदा घरांना तें पिण्यापुरतें मृगापर्यंत पुरलें. रोज पहाटे त्या विहिरीवर लागलेली घागरींची रांग मला अजून दिसते.

पणजोबांनीं तें पणतवंडांसाठीं लिहिलें नव्हतें. आपली कोणती ओळ उपयोगी पडेल हें त्यांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. पायलीच्या नोंदी आणि पायऱ्यांच्या नोंदी त्यांनीं एकाच शाईनें लिहिल्या. इतिहासाचेंही असेंच झालें आहे. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे बावीस खंड काढले. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग गो. स. सरदेसाई यांनीं संपादिले. त्यांतले असंख्य कागद त्या त्या दिवसाच्या गरजेपुरतेच लिहिलेले होते. खर्चाच्या यादींत लढाईची तारीख सांपडली, आणि कौटुंबिक पत्रांत धान्याचा भाव सांपडला. टिपणाला पुढें येणारें मोल लिहिणाऱ्याच्या हातीं नसतें. तें नेमानें करणें तेवढें त्याच्या हातीं असतें.

पुतणीला मीं फोटो काढूं दिले, आणि तेंही आनंदानें. डार्विनच्या दोन टांचणवह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांतून नाहींशा झाल्याचें २००१ सालीं लक्षांत आलें. २०२२ च्या मार्चमध्यें कोणीं तरी त्या गुलाबी रंगाच्या पिशवींत घालून परत आणून ठेविल्या. मधल्या काळांत त्या पानांचीं छायाचित्रें जवळ होतीं म्हणून अभ्यास अडला नाहीं. तेव्हां छायाचित्राला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र दोन कामांत घोटाळा होऊं नये. छायाचित्र लिहिलेलें राखतें. लिहितांना मनांत जें घडतें तें घडवीत नाहीं. फळ्याचा फोटो काढून ‘झालें’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्यें धडा शिरतो, त्याच्या डोक्यांत शिरत नाहीं. एकेचाळीस वह्या मीं पावसाळाभर पुन्हां वाचल्या. पाऊस, आंब्याचा मोहोर, बाजारभाव, गांवाकडचे शब्द, मुलांचे प्रश्न एवढें निवडून एका जाड वहींत स्वच्छ उतरलें. ती वही आणि पणजोबांचा रुमाल नव्या घरीं आले. बाकीच्या वह्या रद्दीवाल्यानें वजन करून नेल्या. मनाला थोडें लागलें खरें, परंतु त्यांचें काम झालें होतें.

टिपणाच्या नादाचेही दोष आहेत, ते झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गाण्याच्या बैठकींत वही उघडणाऱ्याला खुशाल उठवून लावावें. मित्र आपलें दुःख सांगत असतां ज्याचा हात खिशांतल्या पेन्सिलीकडे जातो, त्याला मित्र लाभूं नयेत हेंच योग्य. कांहींजण इतकें टिपतात कीं वाचावयाला आयुष्य उरत नाहीं. त्यांची वही म्हणजे सांठवणाचें कोठार, त्यांत दाणा शिजत नाहीं. दूरध्वनीचे क्रमांक, गाडीच्या वेळा, औषधांचीं नांवें यांसाठीं मोबाईलसारखें साधन नाहीं, आणि मीही तेथें तेंच वापरतों.

ज्या वाचकांना ही संवय लावून घ्यावीशी वाटेल त्यांना एक जुनी रीत सुचवितों. आपल्याकडचा दुकानदार आधीं कच्चें टिपण करी, त्यावरून रोजकीर्द लिही, आणि कीर्दींतली रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत नेई. कच्चें टिपण गिऱ्हाईक समोर असतांनाच होई. खतावणीला मात्र निवांत वेळ लागे. टांचणवहीलाही हाच क्रम मानवतो. खिशांत मावेल एवढी स्वस्त वही घ्यावी, कारण उंची वहींत लिहावयाला हात कचरतो. घडलें कीं लगेच लिहावें, शक्य तर आपल्या शब्दांत. दुसऱ्याचे शब्द असले तर ते कोणाचे, हें लिहावें. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट आधीं लिहावी. महिन्याच्या शेवटीं तासभर बसून वाचावें, आणि राखण्याजोगें असेल तें मोठ्या वहींत विषयवार घालावें. दोन-चार महिने हें काम कंटाळवाणें वाटतें. नंतर केव्हां तरी एखादें जुनें टिपण आणि एखादें नवें टिपण पानावर शेजारीं शेजारीं येतात, आणि दोहोंपैकीं एकांतही नसलेली गोष्ट त्यांतून सुचते. तोंपर्यंत धीर धरावा. आणि प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी, सालासकट. नुसत्या ‘सोमवार’चा पुढें कोणालाच उपयोग होत नाहीं.